न्यू जर्सीतलं गळकं छप्पर: आधी एवढंच बघा

नवीन घराच्या छतावर डाग दिसला म्हणून घाबरू नका, हे काम मार्गी लागणारं आहे. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. पुष्कळदा शिंगल (छपरावरचे खडीचा थर असलेले पातळ तुकडे) धडधाकट असतात. चिमणीभोवतीचं फ्लॅशिंग (सांध्यातून पाणी शिरू नये म्हणून लावलेला पत्रा) उचकटलेलं किंवा छपरातून वर आलेल्या पाइपभोवतीचं रबर फाटलेलं असतं. पाणी वाशावरून घसरत लांब जाऊन टपकतं, त्यामुळे डागाच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही.

शिंगलच्या कडा वळल्या असतील, त्यांची खडी पन्हळात साचत असेल, तर छप्पर बदला. जुना थर पूर्ण काढायला लावा. त्यावरच नवा चढवणं स्वस्त पडतं, पण खालचं कुजकं प्लायवूड झाकलेलंच राहतं. प्लायवूड बदलण्याचा दर करारात आधीच लिहून घ्या.

ॲटिकमधली (छपराखालच्या पोकळीतली) हवा खेळती ठेवण्याच्या बाबतीत नवखे हमखास चुकतात:

- वर रिज व्हेंट (छपराच्या माथ्यावरची, हवा बाहेर सोडणारी फट) बसतो, पण वळचणीखालचे सॉफिट व्हेंट (हवा आत घेणारी भोकं) इन्सुलेशनने बुजलेले राहतात. आत येणारी वाट आधी मोकळी करा.
- रिज व्हेंट असताना ॲटिकमध्ये विजेचा पंखा नको. तो रिजमधूनच हवा ओढतो.
- बाथरूमच्या पंख्याचा पाइप ॲटिकमध्येच सोडलेला असेल तर थेट बाहेर न्या. कडक थंडीत ती वाफ छपराच्या आतून गोठते, ऊन पडलं की टपकते, आणि लोक भलं छप्पर उखडतात!

व्हेंटच्या मापांचं गणित नंतर बघू. पुढच्या पावसात टॉर्च घेऊन ॲटिकमध्ये जा आणि पाणी कुठून येतंय ते बघा. पाय फक्त तुळयांवरच ठेवा, मधला जिप्सम बोर्ड माणसाचं वजन पेलत नाही.