दोघेही नोकरीला जात असताना घरातल्या सर्वांच्या वेळा मोबाइलवर एकत्र कशा ठेवाव्यात? कोणते ॲप चांगले?

आपण लिहिले आहे की नवरा-बायको दोघेही नोकरीला जाता, दोन मुले शाळेत आहेत, घरी सासू-सासरे आहेत आणि सर्वांच्या वेळा एका जागी दिसतील असे मोफत ॲप हवे आहे. गूगल कॅलेंडर वापरा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीपासून असते, त्यामुळे आणखी शोधाशोध करण्यात वेळ घालवू नका. त्यात नोंदी कोण करणार आणि प्रत्येक नोंदीपुढे नाव कुणाचे लागणार, हे मात्र आपण विचारलेले नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

आम्ही बेळगावात राहतो. मी एका सोसायटीत नोकरीला आहे, यजमान उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत तीन शिफ्टमध्ये काम करतात, मुलगी कोल्हापूरला शिकते, मुलगा यंदा दहावीला आहे आणि सासूबाईंचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते. ज्या घरात डायलिसिस नाही, त्या घराला या वेळापत्रकाची कल्पना येणे कठीण आहे. यंत्रावर सुमारे चार तास जातात, पण त्याआधी वजन आणि रक्तदाब पाहणे, नंतर सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत कापूस दाबून धरणे, थोडे पडून राहणे, असे धरून अर्धा दिवस सहज मोडतो. बाहेर पडताना रक्तदाब उतरलेला असतो, त्यामुळे त्यांना एकट्याने रिक्षात बसवून घरी पाठवता येत नाही; न्यायला एक आणि आणायला एक माणूस ठरलेला लागतो. शिवाय आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी टाकी भरायला कुणीतरी घरी असावेच लागते.

म्हणून मी कॉम्प्युटरवर ‘घर’ नावाचे वेगळे कॅलेंडर उघडले आणि ते घरातल्या प्रत्येकाला जोडून दिले. फौंड्रीची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे पहिली, दुसरी आणि रात्रपाळी अशा तीन नोंदी केल्या व प्रत्येक नोंद दर 3 आठवड्यांनी पुन्हा येईल असे लावले. त्यानंतर यजमानांना ‘या आठवड्यात कुठली शिफ्ट?’ असे विचारण्याची वेळ आलेली नाही. डायलिसिसच्या मात्र दोन स्वतंत्र नोंदी असतात, ‘बाबा : आज्जीला नेणे’ आणि ‘आई : आज्जीला आणणे’. नुसते ‘डायलिसिस, सकाळी 7’ असे लिहिले की ते सर्वांना दिसते आणि प्रत्येकाला वाटते की दुसरा कुणी जाणारच आहे. नाव आधी आणि काम नंतर, हा आमच्या घरचा नियम आहे आणि तो मी कुणालाही मोडू देत नाही.

हे सुरू केले तेव्हा माझ्या थोरल्या दिरांना ते मुळीच आवडले नव्हते. ते पुण्याला असतात. ‘घर आहे की कचेरी? आईचे करायला वेळापत्रक कशाला लागते?’ असे ते फोनवर म्हणाले होते, आणि ते वाक्य माझ्या मनात राहिले. पुढे गौरीजेवणाच्या दिवशी, पाहुण्यांची पंगत बसलेली असताना, ते सर्वांदेखत म्हणाले की इथे प्रत्येक जण आपापल्या नोकरीत गुंतलेला आहे, आईकडे बघायला कुणाला वेळ नाही. मी वाढत होते. हातातले पातेले खाली ठेवले आणि मुलाला सांगितले की फोनवर ‘आज्जी’ असा शोध घे. महिनोन्महिन्यांच्या नोंदी एकाखाली एक आल्या : नेणे, आणणे, रक्ततपासणी, डोळ्यांचे डॉक्टर, औषधे. सासूबाई म्हणाल्या, ‘वाच रे, मोठ्यानं वाच.’ त्याने तारखेनिशी आणि नावानिशी वाचले. दिरांचे नाव त्यात कुठेच नव्हते. ‘मला कुणी सांगितलेच नाही,’ असे ते म्हणाले, तेव्हा हेच कॅलेंडर पहिल्या दिवसापासून त्यांच्याही फोनला जोडलेले आहे, हे मी त्यांना दाखवले.

घरातल्या बाईच्या डोक्यात जे असते ते लिहिले गेले नाही, तर ते कामात धरले जात नाही. मी स्वतः नोकरी करून हे सांभाळते, आणि ते दिसावे असे मला वाटते, यात मला काही गैर वाटत नाही.

यासाठी जुन्या नोंदी सांभाळाव्या लागतात. रुग्णालयाने डायलिसिसची वेळ सकाळऐवजी दुपारची केली, तेव्हा वेळ बदलताना फक्त ही नोंद, ही व यापुढील नोंदी, की सर्वच नोंदी, असे तीन पर्याय समोर येतात. त्यातला मधला घ्यावा. ‘सर्वच’ निवडले तर मागच्या तारखांच्या वेळाही बदलतात आणि काय घडले होते याचा पुरावाच राहत नाही. दुसरी गोष्ट अशी की आपण लावलेली आठवणीची घंटी फक्त आपल्याच फोनवर वाजते. ज्याचे काम, त्याच्या फोनवर जाऊन ती वेगळी लावून द्यावी लागते. नाहीतर सगळ्यांच्या वतीने आपलाच फोन वाजत राहतो आणि दुसऱ्यांना हाका मारण्याचे काम पुन्हा आपल्याकडेच येते.

तिथीने येणाऱ्या गोष्टींसाठी मात्र दरवर्षी आपोआप पुन्हा येणारी नोंद उपयोगाची नाही. सासऱ्यांचे श्राद्ध असो वा वैशाख शुद्ध द्वितीयेची आमच्याकडची शिवजयंती, कालनिर्णय समोर ठेवून त्या तारखा दरवर्षी हाताने घालाव्या लागतात. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीला रात्रभर शहरातले मुख्य रस्ते अडलेले असतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिस असेल तर कोणत्या रस्त्याने जायचे ते मी नोंदीतच लिहून ठेवते. 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन एकाच दिवशी असतात, आणि सीमाप्रश्न तापला की कोल्हापूरच्या बस बंद पडतात. त्या आठवड्यात मुलीचे येणे-जाणे ठरवत नाही.

आपल्या सासू-सासऱ्यांना मोबाइल जमत नसेल, तर आठवड्याच्या नोंदी दर रविवारी भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवून द्या. मुलांच्या खासगी गोष्टी या कॅलेंडरमध्ये ओढू नका. आमच्या मुलाची शिकवणी आणि परीक्षा त्यात आहेत, मित्रांकडे जाणे नाही. खानापूरकडे जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात रेंज मिळत नाही. तिथे आधीच्या नोंदी फोनवर दिसतात, पण बदल रेंजमध्ये आल्यावरच इतरांपर्यंत पोहोचतात, म्हणून अशा दिवशी फोन करून सांगा.

आणि बाहेरगावी राहणारे दीर, नणंद असतील तर त्यांना पहिल्याच आठवड्यात जोडा, मात्र नोंदी बदलण्याची परवानगी त्यांनी एखादे काम अंगावर घेतल्यावरच द्या. लांबून करण्यासारखे पुष्कळ असते : औषधे ऑनलाइन मागवणे, विम्याची कागदपत्रे पाहणे, त्या चार तासांत फोन करून आईशी बोलत बसणे. दर महिन्याच्या रक्ततपासणीचे अहवाल डॉक्टरांना पाठवून त्यांचा सल्ला आम्हाला कळवण्याचे काम आता आमच्या दिरांच्या नावावर आहे, आणि ते ते वेळेवर करतात, हेही येथे लिहायला हवे.