ज्युनियर कन्सल्टंटला क्लायंट मोजत नाहीत. संबंध कसे वाढवावेत?

तुम्ही लिहिलंय की एमबीए करून पणजीतल्या एका छोट्या सल्लागार फर्ममध्ये लागलात, वेर्ण्याच्या एका कारखान्याचं खर्चकपातीचं काम तुमच्याकडे आहे, आणि तिथे तुम्हाला कोणी मोजत नाही. माहिती मागितली की आठवडा जातो. महत्त्वाचं काही निघालं की मालक थेट तुमच्या मॅनेजरला फोन लावतात. तर मालकाशी जवळीक कशी वाढवायची, हा तुमचा प्रश्न.

माझं ऐकाल तर सध्या मालकाचा नाद सोडा. तो मॅनेजरचा माणूस. फी मॅनेजरने ठरवली, उद्या काही बिनसलं तर बोलणीही त्यालाच खावी लागणार. तुमचा क्लायंट म्हणजे अकाउंट्स बघणारा, स्टोअर सांभाळणारा आणि शिफ्टचा सुपरवायझर. मी बरीच वर्षं फोंडा-डिचोली पट्ट्यातल्या लहान कारखान्यांत कॉस्टिंग आणि स्टोअर्सची कामं करतोय. 'तुमची ती मुलगी हुशार आहे हं' असं एखादा मालक म्हणतो तेव्हा ते मत त्याचं स्वतःचं क्वचितच असतं, बहुतेकदा त्याच्या अकाउंटंटने त्याच्या कानावर घातलेलं असतं.

आता या माणसांच्या खुर्चीत बसून बघा. कन्सल्टंट येणार म्हटलं की कारखान्यात दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, कोणाची तरी नोकरी जाणार. दोन, आता रोज यांना फायली काढून द्या. पहिल्या भीतीवर तुमच्याकडे उपाय नाही. 'तसं काही होणार नाही' असं तर चुकूनही सांगू नका, कारण ते तुम्हाला ठाऊक नाही आणि समोरच्याला ते कळतं. दुसरी भीती मात्र पूर्णपणे तुमच्या हातातली.

अकाउंटंटचा महिना कसा जातो ते कधी विचारलंय? ७ तारखेला टीडीएस म्हणजे कापून घेतलेला कर, ११ ला जीएसटीआर-१ हे जीएसटीचं विवरणपत्र, १५ ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीचंच दुसरं विवरणपत्र, जीएसटीआर-३बी. लहान कारखान्यात हे सगळं एकच माणूस करतो, वर मालकाच्या घरच्या वीजबिलापासून बँकेतल्या चकरांपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. अशा माणसाला १८ तारखेला मेल जातो: 'मागील तीन वर्षांचा खरेदी तपशील, वस्तूनिहाय, उद्यापर्यंत.' तो 'फाल्यां पळोवया' (उद्या बघूया) म्हणतो आणि आपण त्याचा अर्थ लावतो की माणूस सहकार्य करत नाही. मग आठवणीचा मेल, त्यात मालक सीसीमध्ये. ती सीसी गेली की पुढचे सहा महिने तुम्हाला त्याच्याकडून मागाल तेवढंच मिळेल, त्याच्या पलीकडे एक ओळ नाही.

मोठं काही मागायचं असेल तर ते २१ तारखेनंतर. त्याआधी एकदा त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काय सहज निघतं, एक्सेलमध्ये काय आहे, आणि कशासाठी अजून हाताने लिहिलेली वही आहे, ते डोळ्यांनी बघा. तुमच्या फर्मचा तो सुंदर रंगीत फॉरमॅट पाठवू नका. त्याच्याकडे जे आहे ते आहे त्या रूपात घ्या, वहीचे फोटो काढा, जुळवाजुळव घरी बसून तुम्ही करा. यादी एकच द्या. रोज एक-एक गोष्ट आठवून फोन करणारा कन्सल्टंट म्हणजे डोक्याला ताप. आणि मागितलेल्या माहितीचं पुढे काय झालं ते परत येऊन दाखवा. हे जवळजवळ कोणीच करत नाही. माणसं खपून आकडे काढून देतात आणि ते कुठे गेले हे त्यांना कधीच कळत नाही.

त्यात त्याच्या उपयोगाचं काही हाती लागलं तर द्या. समजा, खरेदीचा तपशील चाळताना तुम्हाला दिसलं की काही लहान पुरवठादारांची बिलं खूप दिवस थकलीत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. ती मुदत उलटून ३१ मार्चलाही जे थकलेले राहतात, ते आयकरात त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाहीत, ज्या वर्षी द्याल त्या वर्षी मिळतात. ही थकबाकीची यादी फेब्रुवारीत त्याच्या हातात ठेवलीत, तर मालकासमोर ती तो घेऊन जाईल. जाऊ द्या त्याला. श्रेय त्याचं, ओळख तुमची.

आता खरी कसोटी. तुमच्या कामातून कोणाचा ना कोणाचा गोंधळ बाहेर येणारच. बिन कार्डवर, म्हणजे स्टोअरमधल्या मालाच्या नोंदीच्या कार्डावर, माल एक, टॅलीत दुसरा. ज्युनियर मंडळी खूश होतात, काहीतरी सापडलं म्हणून. तो फरक लाल रंगात आढावा बैठकीत पडद्यावर झळकतो, आणि स्टोअरचा माणूस, जो मालकाच्या वडिलांच्या काळापासून तिथे आहे, सगळ्यांसमोर पहिल्यांदाच तो आकडा बघत असतो. मग तो जे म्हणतो ते ऐका: 'रात्रपाळीच्या स्लिपा सकाळी चढतात', किंवा 'तो माल जॉबवर्कला (दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) बाहेर गेलाय'. निम्म्या वेळा त्याचं बरोबर निघतं आणि तोंडघशी तुम्ही पडता. उरलेल्या वेळा तुमचं बरोबर निघतं, पण तो माणूस तुमच्याशी कायमचा तुटतो.

म्हणून ज्याचा आकडा, त्याला तो आधी दाखवायचा, दोन दिवस आधी, एकट्याला. कारण पटलं तर आकडा दुरुस्त करा. नाही पटलं तर तसं तोंडावर सांगा, की हे मी बैठकीत मांडणार आहे, तुमचं म्हणणं शेजारी लिहिते. आकडा गाळायचा नाही. त्याने गळ घातली, 'बाय, हें घालूं नाका' (बाई, हे घालू नका), तरी नाही. इथे एकदा वाकलात तर पुढे तुमच्या कुठल्याच आकड्याला किंमत उरत नाही, त्याच्या नजरेतसुद्धा.

गोव्यात आणखी एक भानगड आहे जी पुण्या-मुंबईच्या कन्सल्टंटला पटकन कळत नाही. बारा तालुक्यांचं राज्य. तुमच्या क्लायंटचा साडू शेजारच्या शेडमध्ये असतो, त्याचा अकाउंटंट संध्याकाळी दुसऱ्याचे हिशेब लिहितो, आणि तिघंही एकाच देवस्थानचे महाजन, म्हणजे वंशपरंपरेने सदस्य. 'अमक्यांकडे रिजेक्शन (नापास होणारा माल) किती आहे हो?' असं चहा पिताना सहज विचारलं जातं. विचारणारा तुमची परीक्षाच घेत असतो असं नाही, पण तुम्ही सांगितलंत तर त्याला लगेच कळतं की उद्या त्याचेही आकडे कुठल्या तरी चहासोबत जाणार. हसून विषय बदला. कारखान्याचं नाव न घेता 'एका ठिकाणी' म्हणून सांगणंही नको. इथे 'एका ठिकाणी' म्हणजे कुठे, ते दोन मिनिटांत ओळखतात.

कारखान्याचा इतिहासही विचारून घ्या, विशेषतः डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात कामं मिळाली तर. तिथे कर्ज काढून मशीन घ्या असं सुचवलंत आणि मालक गप्प झाला, तर त्याला हिशेब समजला नाही असं धरून चालू नका. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लिजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. हप्त्यांवर घेतलेले ट्रक आणि मशिनरी दारात उभी राहिलेली त्या भागातल्या अनेक घरांनी पाहिलीय. तुमच्या एक्सेलमधला परतफेडीचा काळ त्याला या अनुभवाशेजारी ठेवून वाचायचा असतो. हे माहीत असलेला ज्युनियर निदान कर्जाशिवायचा एक पर्याय सोबत नेतो.

बाकी बारीकसारीक: चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवड्यात स्टॉक मोजणी लावू नका. म्हापसा-मडगावच्या व्यापाऱ्याला दुपारी दीड ते साडेतीन फोन नको. बैठकीत ठरलेलं त्याच संध्याकाळी चार ओळींत पाठवा, कोणी काय करायचं आणि कधीपर्यंत. उत्तर येत नसेल तर 'उद्या चारपर्यंत विचारून सांगते' म्हणा आणि पावणेचारला सांगा. ओळख वाढली की 'हे पण जरा बघून द्या ना' सुरू होईल. अर्ध्या तासाचं असेल तर करून द्या, त्याहून मोठं असेल तर होही म्हणू नका आणि नाहीही, मॅनेजरशी बोलते म्हणा.

आणि मॅनेजरशी खरंच बोला. पुढच्या आढावा बैठकीत एक विषय पूर्ण तुमच्याकडे मागून घ्या, स्टोअरचाच घ्या, कारण तिथली माणसं तोवर तुमच्या ओळखीची झालेली असतील. त्या विषयावर मालकाने मॅनेजरला विचारलं तर त्याने 'तिलाच विचारा' एवढंच म्हणायचं, हे आधी ठरवून ठेवा. मॅनेजर त्यालाही तयार नसेल, तर अडचण क्लायंटकडे नाहीच आहे. तो प्रश्न वेगळा टाका, त्यावरही माझ्याकडे लिहिण्यासारखं बरंच आहे.