जुनं डोनट मशीन: साल, पीठ आणि परवाना

इस्टेट सेलमध्ये (घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत) 'डोनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका'ची पाटी असलेलं मशीन मिळालं, ते 1920चं आहे का आणि फार्मर्स मार्केटला चालवता येईल का, हे तुमचं वाचलं आणि जुनं दुखणं वर आलं.

सालाचं आधी. नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नका. ही कंपनी काढणाऱ्या अडॉल्फ लेव्हिटने 1920मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या बेकरीत पहिलं यंत्र आणलं आणि मुद्दाम खिडकीत मांडलं. दट्ट्यातून पिठाचं कडं तेलात पडतंय, तरंगत पुढे जातंय, आपोआप पलटतंय, हे बघायला फुटपाथवर गर्दी व्हायची. पण कंपनी पुढे कित्येक वर्षं यंत्रं बनवत होती. पाटीवर पेटंट नंबर असतील तर सगळ्यात अलीकडचा बघा. यंत्र त्याच्या आधीचं नसणार.

माझ्या मते लेव्हिटची खरी अक्कल यंत्रापेक्षा पिठात होती. यंत्राच्या जोडीला तो तयार मिश्रण विकायचा, आणि ते का, हे घरचं पीठ त्यात घातलं की कळतं. वड्याचं पीठ आपण हाताने सैल-घट्ट करतो, इथे तसं जमत नाही. पीठ जरा कोमट झालं की कडं पसरतं, घट्ट राहिलं तर फाटतं. यीस्टचे डोनट तर विसराच, ते तंत्रच वेगळं.

आता परवाना. अशाच जुन्या यंत्रापायी आमच्या काउंटीतल्या एका ऑफिसने माझा अख्खा उन्हाळा खाल्ला. एक खिडकी म्हणे, यंत्रावर एनएसएफचा (खाद्यपदार्थांची उपकरणं तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेचा) शिक्का हवा. अहो, ती संस्थाच 1944ची, त्याआधीच्या यंत्रावर तिचा शिक्का येणार कुठून! दुसरी म्हणे, इन्स्पेक्टर ठरवेल. इन्स्पेक्टर म्हणे, खिडकीवर विचारा. लेखी काही द्यायला कोणी तयार नाही. स्टॉलची अनामत बुडाली, ते वेगळंच. तुमच्याकडे नियम निराळे असतील, पण पैसे भरायच्या आधी फोटो जोडून ईमेल करा आणि उत्तर ईमेलवरच मागा. तोंडी "हो"ला काडीची किंमत नाही.

खरं सांगायचं तर विक्रीसाठी नवं छोटं मशीन घ्या आणि हे शोभेला ठेवा. मी इलेक्ट्रिशियन नाही, पण एवढ्या जुन्या हीटरच्या वायरिंगवर अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा जाणकाराने बघेपर्यंत प्लग लावू नका, आतलं काही खरवडूही नका.