पेरहेंतियनला जा, पण आगोटीची एफडी मोडून नको

मालवण तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४३, पत्नी ३९, मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. समुद्राजवळ चार खोल्यांचं होमस्टे. खर्च वजा जाता वर्षाला नऊ लाख सुटतात, तेही जवळपास सगळे ऑक्टोबर ते मे. होमस्टेच्या कर्जातले १४ लाख बाकी आहेत, व्याज साडेदहा टक्के, मुदत सात वर्षं. येत्या जूनमध्ये चौघांना मलेशियातल्या पेरहेंतियन बेटांवर जायचं आहे, जिथे मोटारी नाहीत आणि जंगल थेट पुळणीपर्यंत उतरतं. प्रवास कंपनीने साडेतीन लाख सांगितलेत. प्रश्न असा की चार लाखांची एफडी मोडायची, की कंपनीचा बारा महिन्यांचा ‘बिनव्याजी’ हप्ता घ्यायचा?

आणि शेवटी जाता जाता एक ओळ: ‘बँकेतल्या साहेबांनी दिलेली पॉलिसी चालू आहेच, वर्षाला १.२० लाख, पाच वर्षांत दुप्पट होतील, त्यात मुलीचं कॉलेज होईल.’ सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो.

आधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो: दोन्ही नको. ती एफडी मोकळी नाहीच, ती तुमच्या आगोटीची, म्हणजे बिनकमाईच्या पावसाळ्याची, बेगमी आहे. कर्जाचा हप्ता सुमारे साडेतेवीस हजार, घरखर्च पस्तीस हजार. जून ते सप्टेंबर चार महिन्यांचे झाले २.३५ लाख. त्यात जुलैमधला पॉलिसीचा हप्ता धरा, ३.५५ लाख. उरले पंचेचाळीस हजार. त्यात ऑक्टोबरआधीची रंगरंगोटी, कुबट झालेल्या गाद्या आणि पंप. कंपनीचा हप्ता घेतलात तर महिना २९ हजारांची भर, म्हणजे ऐन पावसात, एकही पाहुणा नसताना, दोन हप्त्यांचे मिळून ५३ हजार. व्याज नाही म्हणतात, पण प्रक्रिया शुल्क विचारून घ्या, आणि तीच सहल रोखीने किती कमी पडते तेही. खरं व्याज त्या फरकात असतं.

आता पॉलिसी. फोटोत स्वच्छ छापलंय: हप्ते १० वर्षं, मुदत २० वर्षं, विमा रक्कम १२ लाख. पाच वर्षांत दुप्पट होणारं त्यात काहीही नाही. १२ लाख भरून विसाव्या वर्षी २४ लाख मिळाले असं धरलं, तरी परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. इकडे तुम्ही साडेदहा टक्क्यांनी कर्ज फेडताय. मुलीचं कॉलेज चार वर्षांवर आहे आणि तीन हप्ते भरून झाले तरी पॉलिसीचे पैसे अजून सतरा वर्षांवर. ज्यांनी हे ‘एफडीसारखंच’ म्हणून गळ्यात मारलं त्यांना हा हिशेब येत नसेल असं मला वाटत नाही, आणि हंगामी उत्पन्नाच्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता लावून देणं मला अक्षम्य वाटतं.

याहून गंभीर गोष्ट पत्रात आलेलीच नाही. तुमच्या पश्चात घरात १२ लाख येतील आणि कर्ज १४ लाखांचं आहे. पत्नीचा विमा शून्य, आणि स्वयंपाकघर तर त्याच चालवतात. त्या नसतील तर होमस्टेही चालणार नाही. आरोग्य विम्याचा उल्लेखच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा, उलटा नको. आधी तुमचा ७५ लाखांचा निव्वळ मुदतीचा (टर्म) विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा, साठीपर्यंतचा. तंबाखू किंवा साखर असेल तर अर्जात लिहा. लपवलं तर दावा अडकतो. विमा कंपनी आयकर विवरणपत्रं मागते, रोखीची कमाई विवरणपत्रात दिसत नसेल तर हवं तेवढं कव्हर मिळणार नाही. पत्नीच्या नावानेही काही उत्पन्न दाखवत असाल तर त्यांचाही २५ लाखांचा घ्या. मग चौघांचा मिळून दहा लाखांचा आरोग्य विमा. या सगळ्याला वर्षाला पन्नास ते साठ हजार धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीला हात लावू नका. जुलैच्या आत हे होतं.

त्यानंतर चौथा हप्ता भरू नका. तीन हप्त्यांचे ३.६० लाख गेलेत. अशा पारंपरिक पॉलिसीत ती तिसऱ्या वर्षी बंद केली तर भरलेल्यापैकी किमान ३५ टक्के परत मिळतात, म्हणजे १.२६ लाख; चौथ्या वर्षापासून ५० टक्के. ‘एक हप्ता भरा, मग निम्मे मिळतील’ असं तुम्हाला नक्की सांगितलं जाईल. करून बघा: आणखी १.२० लाख भरून २.४० लाख मिळतात, म्हणजे वाढीव १.१४ लाखांसाठी १.२० लाख मोजायचे. मात्र काही करारांत टक्केवारी हप्त्यांवर नव्हे, पॉलिसीच्या वर्षावर ठरते. तसं असेल तर हप्ता न भरता जुलै उलटू दिलात की तेच ३.६० लाखांवर १.८० मिळू शकतात. विमा कंपनीकडून तीन आकडे लेखी मागा: आजचं समर्पण मूल्य (पॉलिसी बंद केल्यास मिळणारी रक्कम), ऑगस्टमधलं हप्ता न भरता, आणि पेड-अप केल्यास अखेरीस मिळणारी रक्कम. पेड-अप म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवणं: दहापैकी तीनच हप्ते भरलेले, म्हणून १२ लाखांतले सुमारे ३.६० लाख, पण सतरा वर्षांनी. त्याऐवजी १.२६ लाखच कर्जात भरले तरी सात वर्षांत वाचलेल्या व्याजासह त्यांचे अडीच लाख होतात. मी कर्जातच भरेन. भरण्याआधी मुदतपूर्व परतफेडीला शुल्क आहे का ते बघा.

तक्रारही जरूर करा, आधी बँक आणि विमा कंपनीकडे, मग विमा लोकपालाकडे. पण ‘दुप्पट’ हे तोंडी होतं आणि लाभांच्या तक्त्यावर सही तुमची आहे. त्या पैशांवर कुठलाही बेत आखू नका.

आता सहल. बेत उत्तम आहे. आपल्याकडे मे अखेरीस पाण्यातले खेळ बंद होतात तेव्हा तिकडे मोसम भरात असतो. तिथला पाऊस ईशान्य मोसमी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्या काळात बहुतेक निवास बंद असतात. फक्त जायचं पुढच्या वर्षी, मे अखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आत.

स्वतः बुकिंग केलंत तर साडेतीन लाख लागत नाहीत, शिवाय पॅकेजवरचा टीसीएस, म्हणजे कंपनी आधीच वसूल करते तो कर, अडकून राहत नाही. क्वालालंपूरची विमानं चौघांची एक लाख. तिथून कुआला बेसुतला, जिथून बेटांच्या होड्या सुटतात, रात्रीची बस, जाऊन येऊन नऊ-दहा हजार. कोटा बारूपर्यंत विमानाने गेलात तर वीस हजार जास्त. धक्क्यावरून स्पीडबोट, अर्धा-पाऊण तास, चौघांचे साताठ हजार. बेटावर पाच रात्री ३० हजार, क्वालालंपूरला दोन रात्री १० हजार, जेवण २८ हजार, उरलेलं फिरणं आणि प्रवास विमा २३ हजार. मलेशियाचं चलन रिंगिट २३ रुपये धरून बेरीज २.१० लाखांच्या आत बसते. आता मार्च ते मे आणि पुढचा ऑक्टोबर ते मे, अशा अकरा हंगामी महिन्यांत १९ हजार बाजूला काढले की रक्कम जमते. पॉलिसीचा हप्ता थांबला की हे झेपतं. आवर्ती ठेव नको, पावसाळ्यात तिचा हप्ता चुकेल. वेगळं बचत खातं काढा. त्या वर्षी कर्जात जास्तीचं भरलं नाहीत तरी चालेल, पुढच्या वर्षापासून भरा.

भारतीयांना मलेशियाची व्हिसामाफी सध्या ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे, ती वाढली हे बघूनच तिकिटं काढा. सगळ्यांच्या पासपोर्टची मुदत सहा महिने उरलेली हवी, आणि तिथला डिजिटल आगमन अर्ज पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो.

मोटारी नसल्या की खर्च होड्यांवर होतो. एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जायला पाण्यातली टॅक्सी, भाडं माणशी, अंधार पडल्यावर जास्त. माणशी १५ रिंगिट, दिवसाला दोन फेऱ्या, चौघांचे पावणेतीन हजार. म्हणून खोली स्वस्त म्हणून एकट्या पडलेल्या किनाऱ्यावर घेऊ नका. धाकट्या बेटावर, पेरहेंतियन केचिलवर, लाँग बीच आणि कोरल बे यांच्यात पायवाटेने दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे, दोन्हीकडे जेवणाची सोय आहे. मुलांना घेऊन तिथेच उतरा. रोख रिंगिट मात्र होडीत बसायच्या आधीच काढून घ्या.