व्यापार करार झाला की देशाची दूधनिर्यात वाढते का? शेतकऱ्याला काय मिळतं?

आपोआप तर अजिबात वाढत नाही. 7 वर्षं दूध पावडरच्या निर्यातीचे कागद केलेत, म्हणून जरा तावातावाने लिहितोय.

करारावर सह्या झाल्या त्या दिवशी आमचे साहेब जाम खूश. "आयात ड्यूटी शून्य! आता नुसते कंटेनर भरत सुटायचं." मी म्हटलं, साहेब, उगमाचा नियम वाचलात का? अशा सवलतीला बऱ्याचदा अट असते, दूध आपल्याच देशातल्या जनावरांचं हवं. आणि आमच्याकडे दूध आटायच्या दिवसांत बाहेरून आणलेली स्वस्त पावडर मिसळायचे. साहेब म्हणाले, "पावडरवर काय गाईचं नाव लिहिलेलं असतं?"

गाईचं नसतं, बॅचचं असतं. तिकडच्या कस्टमने 25 किलोच्या पोत्यावरचा बॅच नंबर उतरवून घेतला आणि त्या तारखांचं दूध संकलन मागितलं. आलेलं दूध आणि निघालेली पावडर, मेळच बसेना. सवलत रद्द, पूर्ण ड्यूटी, वर बंदरातलं डेमरेज, म्हणजे माल अडकून पडल्याचा दंड. मेमो कुणाला? मला. "कागद नीट केले नाहीत."

कोट्याची, म्हणजे सवलतीत किती माल आत येईल त्या मर्यादेची, गंमत वेगळीच. 2008 मध्ये न्यूझीलंडने चीनशी करार केला, पण वर्षाला ठरावीक टनांच्या पुढे दूध पावडरवर जादा ड्यूटी लागायची. त्यामुळे जानेवारी उजाडला की माल आत घुसवायची झुंबड. ती अट 2024 उजाडताना गेली. कॅनडाने तर दुसऱ्या एका करारात कोटा दिला आणि त्यातला बराचसा आपल्याच प्रक्रिया उद्योगांना वाटला! न्यूझीलंड भांडलं, 2023 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. म्हणून बातमीतलं 'शून्य' बघून नाचू नका, आधी परिशिष्ट वाचा.

अर्थात करार निरुपयोगी आहेत असं नाही. 1973 मध्ये ब्रिटन युरोपियन समुदायात गेलं आणि न्यूझीलंडच्या लोण्याची हक्काची बाजारपेठ आक्रसत गेली. दुसऱ्यांच्या करारानेही आपलं गिऱ्हाईक जातं ते असं. शेतकऱ्याचं म्हणाल, तर त्याचा दर पावडरच्या जागतिक भावामागे फरफटतो. ड्यूटीतली बचत आधी खरेदीदार आणि प्रक्रियावाले वाटून घेतात. सहकारी संघ खमका असेल तर थोडं खाली झिरपतं.

निर्यातीत उतरणार असाल तर खरेदी खातं आणि कागदाचं खातं एका टेबलावर बसवा. आमच्याकडे ती दोन मजल्यांवर होती. उगमाच्या दाखल्याच्या अर्जावर सही माझीच होती, कबूल. पण बाहेरच्या पावडरच्या ऑर्डरवर साहेबांची होती, आणि तिची झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे.