आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं

प्रश्न : वय ३४. दोन्ही वीर्यतपासण्यांत शुक्राणू शून्य. डॉक्टरांनी कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय-मायक्रोडिलीशन (वाय गुणसूत्राचा तुकडा गळलाय का, हे पाहणं) या चाचण्या सांगितल्या आहेत. आई म्हणते, आपल्या घराण्यात असं कधी नव्हतं. (हडपसर)

आईंचं खरंच आहे. वडिलांना मूल झालं म्हणून तर तुम्ही पत्र लिहिताय! पण जनुकीय म्हणजे वडिलोपार्जितच, असं नसतं. वाय गुणसूत्राच्या लांब भुजेवर ‘एझेडएफ’ हा पट्टा असतो, त्याचे ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे भाग. शुक्राणू घडवणारी जनुकं तिथे असतात. त्यातला तुकडा बहुतेक वेळा वडिलांचे शुक्राणू तयार होतानाच गळतो. वडील ठणठणीत, फटका मुलाला.

चाचण्या कराच, आणि वृषणातून शुक्राणू शोधण्याच्या शस्त्रक्रियेआधी करा. ‘ए’ किंवा ‘बी’ भाग पूर्ण गेला असेल तर शुक्राणू जवळजवळ कधीच सापडत नाहीत. मग उगाच चिरफाड कशाला? ‘सी’ गेला असेल तर साधारण निम्म्या जणांत सापडतात, आणि इक्सीने (एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडून) मूल होऊ शकतं. मुलगा झाला तर हाच वाय त्याला जाणार. हे दोघांनी आधीच बोलून घ्या.

प्रश्न : रिपोर्टमध्ये ४७,एक्सएक्सवाय आलंय. मी पुरुष आहे ना? (कोथरूड)

आहात. वाय आहे की! ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं, एक एक्स जादा, याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. साधारण ६०० पुरुषांत एकाला असतो आणि अनेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. १९४२ मध्ये लक्षणांचं वर्णन झालं. जादा एक्स सापडायला १९५९ उजाडलं. मायक्रो-टेसे (सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून शुक्राणू शोधणं) या शस्त्रक्रियेत दहापैकी चार-पाच जणांत शुक्राणू मिळतात. मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तूर्त नकोत, त्यांनी उरलीसुरली निर्मितीही थंडावते. (जिममधल्या मंडळींनीही हे वाचावं.)

प्रश्न : माझ्या शुक्रवाहिन्या जन्मतःच नाहीत. दोष माझा, मग बायकोचं रक्त कशाला? (तळेगाव)

‘दोष’ हा शब्द आधी खोडा. तुमचे शुक्राणू सहसा व्यवस्थित बनतात, त्यांना वाट नाही एवढंच. बहुतेकदा कारण सीएफटीआर जनुकात असतं. बायकोकडेही त्याची बिघडलेली प्रत निघाली, तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. तुमच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफीही करून घ्या. कधी कधी एक नसतंच.

प्रश्न : ‘सी’ डिलीशन आहे, शुक्राणू अगदी थोडे. काढा सुरू आहे, वर्षभर थांबू का? (सिंहगड रोड)

नाही. गळलेला तुकडा कुठल्याच पॅथीत परत येत नाही, आणि आज दिसणारे शुक्राणू पुढे आणखी घटू शकतात. या आठवड्यातच नमुना गोठवून ठेवा.