‘वाढीव’ म्हणजे नुसतं ‘भारी’ का?

प्रश्न असा आलाय की विक्शनरीत, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन शब्दकोशात, ‘वाढीव’ या शब्दाचा बोलीतला अर्थ टाकायचाय, ‘उत्तम, झकास’ असं लिहिलंय, प्रदेश सांगली-सातारा, तर हे चालंल का. अर्धं चालंल. उरलेल्या अर्ध्यासाठी जरा थांबा, कारण एकदा का तो अर्थ तिथं चिकटला की चार साइटवाले जसाच्या तसा उचलणार आणि मग पुढचा माणूस म्हणणार, बघा की, पाच ठिकाणी हेच दिलंय.

कौतुकाचा अर्थ आहे यात वादच नाही. पुसेगावच्या शर्यतीच्या मैदानात बैलजोडी सुसाट सुटली की “वाढीव पळाली राव” हे निव्वळ कौतुक. पण तेच सांगलीत विश्रामबागेला चहाच्या गाड्यावर उभं राहून ऐका, बुलेटचा सायलेन्सर बदलून फटाके वाजवत कोण गेलं की मागनं येतं, “लय वाढीव हाय त्ये”. आता यात कौतुक अगदीच नाही असं नाही, पण सूर ‘नको तेवढं करतंय’ असाच. आणि नकार लावून बघा की. “उगं वाढीव बोलू नगंस” हे रोज कानावर पडतं, “उगं झकास बोलू नगंस” असं कोण दम देतंय का? दोन्हींचा अर्थ एकच असता तर दोन्ही वाक्यं चालली असती.

मूळ अर्थ सरळ ‘जादा’, वाढीव बिल, वाढीव दर. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला बसलेल्या आजोबांना ‘वाढीव’ म्हटलं तर त्यांना पैसेच आठवणार. माझ्या मते जादा, मग प्रमाणाबाहेर, आणि त्यातनंच प्रमाणाबाहेर चांगलं, असा प्रवास झालाय. कोरीव, रेखीव, पाळीव ही याची भावकी, त्यामुळं लिंगवचनानं रूप बदलत नाही, पोरगा वाढीव, पोरगी पण वाढीव. हे नोंदीत जरूर टाका.

आता पुरावा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) नायतर दाते-कर्वेंचा कोश (१९३२-३८) उघडून हा पोरांचा अर्थ शोधत बसू नका. “‘वाढीव’ म्हणजे काय हो?” असं थेट विचारू पण नका, एकतर माणूस सभ्य होऊन ‘छान’ सांगतो नायतर आमच्याकडची पोरं तुम्हाला गंडवतात आणि वर हसतात. वाक्य द्या आणि विचारा, असं म्हणशील का, कुणाला म्हणशील, मास्तरला म्हणशील का. ‘सातारी शब्द आणि अर्थ’ छापाच्या रील्स पुरावा म्हणून धरू नका, तिथं शब्दाबद्दल बोलणं असतं, शब्द वापरणं नसतं. इंग्रजी विक्शनरीत इंग्रजी शब्दाच्या अर्थावर वाद झाला तर साधारण तीन वेगवेगळ्या लोकांचे वापर मागतात आणि तेही किमान वर्षभराच्या काळात पसरलेले, म्हणजे एका आठवड्याचं फॅड आत घुसत नाही. आपणही तेवढं पाळलं तर कुठं बिघडलं.

तर नोंदीत आधी ‘जादा’, मग ‘अतिरेकी, आगाऊ’, मग ‘जबरदस्त’, शेवटच्या दोन्हींना ‘अनौपचारिक’ असा शेरा. आणि प्रदेश नुसता सांगली-सातारा नको, पश्चिम महाराष्ट्र लिहा, नायतर कोल्हापूरवाले लगेच भांडायला येतील.